पुसता येणारा रंग

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, मेंदीचे कोन, पावडर, नेलपॉलिश. पूर्वी गल्ल्यावर सासूबाई बसत, त्यांच्यानंतर मी. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतच राहिले. म्हणून आमच्याकडं पॉलिश रिमूव्हर जितकं खपतं तितकं दुसऱ्या गावात खपत नसावं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कुणाचा तरी भाऊ नाहीतर नवरा घाईघाईनं येतो आणि "नखं पुसायचं ते द्या" म्हणतो. वस्तूचं नाव त्याला ठाऊक नसतं. नखाखालची कातडी गुलाबी आहे की निळसर पडतेय, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना दिसायला हवं असतं, म्हणून ही धावपळ.

रंग विकता विकता माझं एक मत पक्कं झालंय. नेलपॉलिशनं आपल्या घरांत जागा मिळवली ती लावता येतं म्हणून नव्हे, काढता येतं म्हणून. नखं तर बायका आधीपासून रंगवतच होत्या.

माझ्या लहानपणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी मेंदीचा पाला आणून पाट्यावर वाटायचा, त्यात कात, लिंबू, उकळलेल्या चहाचं पाणी. तळव्यावर मधोमध एक मोठा गोल, भोवती ठिपके आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला नख झाकेल अशी मेंदीची टोपी. नक्षीचे कोन फार नंतर आले. तळव्यावरची मेंदी आठवड्या-दोन आठवड्यांत फिकी व्हायची, पण नखावरची हटायची नाही. मेंदीतलं लॉसोन नावाचं द्रव्य नखाच्या केराटिनला घट्ट धरतं. महिन्याला नख साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळं रंग खालून सरकत सरकत दिवाळीनंतरही टोकाला चंद्रकोरीसारखा उरायचा. तो पुसायचा प्रश्नच नव्हता, कारण तो नखावर नव्हे, नखातच होता. आणि सणाला घरातल्या सगळ्यांच्याच नखांवर होता, म्हणून त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नव्हतं.

हेच लॉसोन तेरड्यातही असतं. आपण तेरड्याच्या गौरी आणतो, त्याच तेरड्याची फुलं-पानं कोरियात तुरटी घालून कुटतात, नखांवर ठेवून पानात बांधतात आणि रात्रभर तशीच राहू देतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग टिकला तर पहिलं प्रेम सफल होतं, अशी तिथल्या मुलींची समजूत. आपण मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून बसलो. कोरियातल्या पोरींनी ही म्हण हसण्यावारी नेली असती.

आता बाटलीकडं येऊ. इंग्रजीत तिला पॉलिश म्हणतात कारण आधी ते खरंच पॉलिश होतं. पावडर किंवा मलम लावून नख मऊ चामड्यानं घासायचं आणि चकाकी आणायची. अमेरिकेत नॉर्थम वॉरन यानं १९११ साली नखाच्या मुळाशी असलेली कातडी काढायचं द्रावण बाजारात आणलं आणि त्याला क्युटेक्स नाव दिलं. नंतर १९१७ च्या सुमारास त्याच नावाचं रंगीत पातळ पॉलिश आलं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत कुठल्याही कंपनीच्या बाटलीला क्युटेक्सच म्हणत. "ते लाल क्युटेक्स काढ गं वरच्या फळीवरचं." सुरुवातीचे रंग पारदर्शक, गुलाबीसर असत. १९२०-३० च्या दशकांत तिकडच्या बायका नखाच्या मुळाशी असलेली चंद्रकोर आणि टोक कोरं ठेवून फक्त मधला भाग रंगवत.

बाटलीतला जो पदार्थ सुकून कडक पापुद्रा होतो, तो नायट्रोसेल्युलोज. म्हणजे मुळात कापूस. १८४६ साली बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनवण्याची रीत जाहीर केली. जास्त नायट्रोजनवाला झाला की त्याची स्फोटक दारू, कमी नायट्रोजनवाला असला की फिल्म, वॉर्निश, पॉलिश. जुने चित्रपट याच जातीच्या फिल्मवर असत आणि म्हणून ते पेटत. २००३ साली पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची मूळ रिळं गेली. म्हणून दुकानात नेलपॉलिशच्या खोक्यांजवळ मी उदबत्तीसुद्धा लावू देत नाही.

रिमूव्हरमधलं ॲसिटोनही त्याच घराण्यातलं. कॉर्डाइट हा बंदुका-तोफांचा दारूगोळा बनवताना ते स्फोटक कापूस आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र मळायला लागायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मँचेस्टरला शिकवणाऱ्या हाइम वाइझमन यांनी जिवाणूंकरवी मक्याचं पीठ आंबवून ॲसिटोन काढायची पद्धत बसवून दिली. पुढं १९४९ साली हेच वाइझमन इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मका कमी पडला तेव्हा १९१७ मध्ये इंग्लंडातल्या शाळकरी पोरांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली गेली. असा एक ॲसिटोनचा कारखाना त्या काळात आपल्या नाशिकलाही उभारला गेला. रंग आणि तो काढायचं औषध, दोन्ही एकाच तोफेच्या पोटातून आलेत हे दुकानात कुणाला सांगितलं तर काकूंचं काहीतरीच, असं म्हणून हसतात.

या आंबवण्यात ॲसिटोनच्या जवळजवळ दुप्पट ब्युटेनॉल निघायचं आणि युद्धात त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. युद्ध संपलं, ॲसिटोनची मागणी पडली आणि ब्युटेनॉलचं नशीब उघडलं. त्यापासून ब्युटिल ॲसिटेट बनतं, आणि नायट्रोसेल्युलोजला विरघळवून झटपट सुकवायला ते उत्तम. ड्युपाँ कंपनीनं १९२३ मध्ये ड्युको नावाचा मोटारींचा रंग आणला. १९२४ ची ओकलंड मोटार या निळ्या ड्युकोत रंगून बाजारात आली. आधी मोटार रंगवून सुकायला आठवडे लागत, आता काही तास पुरू लागले. त्याच द्रावकांनी, त्याच पापुद्र्यानं नखंही रंगू लागली.

माझे धाकटे दीर गाड्या रंगवायचे. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, कॉम्प्रेसर, आणि तोंडाला फडकं बांधून ते गाडीवर ड्युको मारत. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाला आणि माझ्या दुकानातल्या फळीला वास एकच यायचा, पिकल्या केळ्यासारखा गोडसर आणि डोक्यात जाणारा. ते म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आणि मी एकच धंदा करतो, माझी गाडी जरा मोठी." कलाकुसर त्यांच्याचकडून शिकले मी. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ तीन हात मारावेत. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला द्रावक अडकतो आणि मग फोड येतात. गाडीचं जे तेच नखाचं.

चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ जोसेफ आणि रसायनाचा जाणकार चार्ल्स लॅकमन यांनी १९३२ मध्ये, ऐन मंदीत, रेव्हलॉन ही नेलपॉलिशची कंपनी सुरू केली. डायऐवजी पिगमेंट वापरल्यामुळं त्यांचा रंग अपारदर्शक, भरगच्च बसायचा. मंदीत साडी-झगा परवडत नाही, बाटली परवडते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आमच्या धंद्यातही तसंच आहे. दुष्काळाच्या वर्षी बांगड्यांचा खप पडतो, नेलपॉलिशचा नाही.

भारतात हे घरोघरी पोचवलं ते लॅक्मेनं. टाटा ऑइल मिल्सनं १९५२ साली ही कंपनी काढली. बायकांच्या प्रसाधनांपायी परकीय चलन बाहेर जातं म्हणून नेहरूंनी टाटांना देशातच कारखाना काढायला सांगितलं, असं सांगितलं जातं. नाव घेतलं दलिबच्या १८८३ च्या फ्रेंच ऑपेरावरून, आणि त्या ऑपेरातलं नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. कपड्याचा ५०१ साबण आणि अंगाचा हमाम करणारी ती हीच टाटा ऑइल मिल्स. १९६१ मध्ये सिमोन टाटा लॅक्मेत आल्या आणि ते नाव त्यांनी मोठं केलं. १९९८ मध्ये टाटांनी आपला हिस्सा हिंदुस्तान लिव्हरला २०० कोटींना विकला.

पण मिरजेसारख्या गावात लॅक्मेची बाटली काचेच्या कपाटात असायची आणि खपायच्या त्या बिननावाच्या बाटल्या. त्या आम्ही पुण्याच्या बोहरी आळीतून नाहीतर मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणायचो. मीरासाहेबांच्या उरुसाला त्यांचे ढीग लागायचे. बाटली हलवली की आतली लोखंडी गोळी खडखडायची, पोरं त्यासाठीच हट्ट धरायची.

गिऱ्हाईक बायकांचे दोन प्रकार होते. सासुरवाशिणी लाल नाहीतर मरून घ्यायच्या, शाळा-कॉलेजच्या पोरी "नॅचरल" मागायच्या. नॅचरल म्हणजे लावलंय हे कळूच नये असा गुलाबी. मग लावायचं कशाला, असं सासूबाई तोंडावर विचारायच्या. त्याचं कारण होतं. शाळेत सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत नखं तपासली जायची आणि रंगवलेल्या बोटांवर पट्टी बसायची. म्हणून शनिवारी दुपारी पॉलिश आणि रविवारी रात्री रिमूव्हर, असा आठवडा ठरलेला. ज्यांच्या घरी रिमूव्हर आणायचीही चोरी, त्या ब्लेडनं खरवडायच्या. त्यांच्या नखांवर पांढरे ओरखडे दिसायचे. स्वयंपाकघरातही कुरबूर होतीच. कणकेत रंगाचा पापुद्रा गेला तर, नैवेद्याला ही बोटं चालतात का, वगैरे. बायकांनी वाद घातला नाही. पुसलं, स्वयंपाक केला, पुन्हा लावलं.

आमच्या मुसलमान गिऱ्हाइकांचा हिशेब याहून नेमका. नमाजाआधी वजू करताना पाणी नखाला लागलं पाहिजे, पॉलिशचा पापुद्रा ते अडवतो. मेंदी नखातच मुरते, तिचा थर होत नाही, म्हणून मेंदी चालते. कित्येकजणी महिन्यातल्या नमाज नसलेल्या दिवसांतच पॉलिश लावत आणि ते दिवस संपले की न चुकता रिमूव्हर न्यायला येत. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीनं पाणी आरपार जाऊ देणारं पॉलिश काढलं, तेव्हा त्याची चौकशी माझ्याकडंही झाली. ते आमच्या बोळापर्यंत पोचलं नाही.

रंग निवडायला मी गिऱ्हाइकाला दाराशी पाठवते. ट्यूबलाइटखाली जांभळट दिसणारा मरून उन्हात सरळ विटकरी निघतो. बाटलीत रंग गडद दिसतो, नखावर एका हातात उघडा पडतो. अंगठ्याच्या नखावर दोन हात मारून बघावं, करंगळीवर काही कळत नाही. गव्हाळ-सावळ्या हातांना फिक्या गुलाबीत निळ्याची झाक असली की हात राखाडी दिसतात. त्यांना विटकरी, कॉफी, गडद वाईन खुलतो. निळे-हिरवे रंग मात्र माझ्या डोळ्यांना अजून पटत नाहीत, खपतात तरी. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दिने मोहाजेर या विद्यार्थिनीनं सँडलला मिळता फिकट निळा रंग घरीच मिसळून लावला, लोकांनी विचारायला सुरुवात केली आणि त्यातून हार्ड कँडी कंपनी उभी राहिली. कोरोनात याच निळ्या-काळ्यांनी घोळ घातला. ऑक्सिमीटर नखातून लाल आणि अवरक्त उजेड सोडून मोजतो, गडद पापुद्रा असला की आकडा खाली दाखवू शकतो. आकडा बघून घाबरलेल्या कुणी फोन केला की मी आधी विचारायची, नखाला काय लावलंय?

नेल आर्ट म्हणून आता जे चालतं, त्यातलं बरंचसं घरच्या वस्तूंवर होतं. हेअरपिनच्या गोल टोकानं ठिपके. सेलोटेपच्या पट्ट्या लावून तिरपे दुरंगी नख. टेप मात्र रंग ओला असतानाच उचलायची. फाइलच्या भोकांना चिकटवायच्या गोल कागदी रिंगा नखाच्या मुळाशी लावल्या की १९३० ची चंद्रकोर तयार. पांढऱ्या टोकांचं फ्रेंच मॅनिक्युअर फ्रेंच नाहीच. हॉलिवूडच्या नट्यांना प्रत्येक पोशाखाबरोबर नखं बदलावी लागू नयेत म्हणून ऑर्लीच्या जेफ पिंक यांनी १९७० च्या दशकात ते चालवलं. सगळ्यांत मजेचं पाण्यातलं मार्बल. वाटीत माठातलं नव्हे, साधं पाणी घ्यावं आणि त्यावर नवीन, पातळ पॉलिशचा थेंब जवळून सोडावा. तो पसरून पातळ पापुद्रा होतो. त्याच्या पोटात दुसऱ्या रंगाचा थेंब, मग तिसरा. काडीनं नक्षी ओढावी आणि बोट आडवं बुडवावं. जुन्या दाट बाटलीतला थेंब तळाशी जातो. दाट झालेल्या बाटलीत रिमूव्हर घालू नका, चकाकी जाते आणि पापुद्रा कच्चा राहतो. थिनर वेगळं मिळतं, त्याचे दोन थेंब पुरे. आणि लाल रंगाखाली बेस कोट हवाच, नाहीतर नखं पिवळी पडतात आणि लोक हळदीला दोष देतात.

आता जेल आलंय. त्यात नायट्रोसेल्युलोजचं नेहमीचं काम नाही. ॲक्रिलेटचा थर दिव्याच्या जांभळ्या उजेडात घट्ट होतो. तो घट्ट करायला वापरलं जाणारं टीपीओ युरोपीय संघानं सप्टेंबर २०२५ पासून बंद केलंय. जेल दोन-तीन आठवडे टिकतं, भांडी घासली तरी हलत नाही, पण कापसानं पुसून जातही नाही. लग्नाच्या हंगामानंतर पोरी दुकानात येऊन विचारतात, "काकू, हे घरी निघेल का? पार्लरमध्ये काढायचे वेगळे पैसे सांगतात." निघतं. वरची चकाकी कानशीनं घालवायची, कापसाचा तुकडा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, फॉइलनं बोट गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग लाकडी काडीनं हलकेच ढकलायचं. ओरबाडलं तर नखाचाच पापुद्रा निघतो. ॲसिटोन, कानस, काडी माझ्याकडं आहे. फॉइल शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून घ्या.