खैराचा कात

कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा उकळून आटवलेला अर्क. खैर हा बाभळीच्या गोतातला, फार उंच न वाढणारा पानझडी वृक्ष. हिमालयाच्या पायथ्याच्या नदीपात्रांत तो आपणहून उगवतो, तसाच कोकणातल्या डोंगरउतारांवर आणि ब्रह्मदेशातही. पानाच्या देठाशी आकड्यासारख्या वाकड्या काट्यांची जोडी असते. कपडा अडकला तर पुढे ओढून सुटत नाही, मागेच सरावे लागते. खरबरीत सालीच्या आत फिकट लाकडाचा थर आणि त्याच्याही आत तांबडा, कमालीचा टणक गाभा. कात मिळतो तो याच गाभ्यातून.

या गाभ्याचे नाव फार जुने आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात रथाच्या बळकटीसाठी खदिराच्या, म्हणजे खैराच्या, साराचा उल्लेख येतो. यज्ञातला स्रुवा (आहुती देण्याची पळी) खैराचा करीत आणि चरकाने कुष्ठावरच्या औषधांत खदिराला पहिले स्थान दिले. जुन्या खोडाच्या भेगांत कधीकधी पांढरट, दाणेदार साका आपसूक जमलेला सापडतो. त्याला खैरसार म्हणतात आणि औषधात त्याला मोठा मान असतो. हे सार माणसाने स्वतः काढायचे ठरवले, तिथून काताची पाकक्रिया सुरू झाली असावी.

क्रिया दिसायला साधी होती. झाड तोडायचे, साल आणि पांढरे लाकूड तासून टाकायचे, गाभ्याच्या ढलप्या पाडून मडक्यांत पाण्याबरोबर उकळायच्या. काढा गाळून पुन्हा आटवायचा आणि पाकासारखा दाटला की त्याच्या वड्या पाडायच्या. उत्तर कोकणात हे काम ज्यांच्या हातात होते, त्यांची ओळखच त्यावरून पडली: कातकरी किंवा काथोडी.

हा माल फार लवकर समुद्रापार गेला. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझाने खंबायतहून मलाक्केला जाणाऱ्या मालात त्याची नोंद केली. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्टा याने 1563 साली छापलेल्या ग्रंथात तो कसा करतात हे सांगितले. त्यात नाचणीचे पीठ मिसळण्याचाही उल्लेख आहे. युरोपातल्या औषधविक्रेत्यांची समजूत मात्र निराळीच होती. तपकिरी, ठिसूळ खडे पाहून त्यांना ती जपानातली माती वाटली आणि ‘टेरा जपोनिका’ याच नावाने ते ती विकत राहिले.

मातीचा हा भ्रम हळूहळू विरला. 1803 साली रसायनज्ञ हम्फ्री डेव्हीने मुंबई आणि बंगालकडच्या काताचे नमुने तपासले, तेव्हा त्यात ओकच्या सालीच्या कितीतरी पट टॅनिन निघाले. चामडे कमावले जाई ते टॅनिनने, म्हणून कमावणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच बातमी होती. पुढे कातातल्या स्फटिकी द्रव्याला कॅटेचिन हे नाव पडले आणि 1839 मध्ये राइन्श या रसायनज्ञाने त्याच्या ऊर्ध्वपातनातून कॅटेचॉल मिळवले. अ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ज्या गटात मोडतात, त्या कॅटेकोलअमाइन्सच्या नावात म्हणूनच आजही खैराचा कात बसलेला आहे.

काताची मागणी वाढत असताना कातकऱ्यांच्या हातून मात्र खैर सुटत गेला. 1878च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव झाली, खैरतोडीवर निर्बंध आले आणि ही माणसे कोळशाच्या, पुढे विटांच्या भट्ट्यांवर गेली. कातकरी आज महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहेत. नाव काताचे, पण कात काढण्याशी त्यांतल्या बहुतेकांचा संबंध उरलेला नाही.

तो धंदा आता कारखान्यांत चालतो. कोकणात चिपळूण तालुक्यातला सावर्डे परिसर त्यासाठी ओळखला जातो. जुन्या पद्धतीत सगळा अर्क एकत्रच आटत असे. कारखान्यात त्याचे दोन भाग करतात. कॅटेचिन थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून काढा गार ठेवला की ते दाण्यांच्या रूपाने खाली बसते. ते गाळून, दाबून, वाळवून वड्या करतात. विड्याच्या पानावर चुन्याशी गाठ पडून लाल होतो तो हाच कात. गाळणीखाली उरलेले पाणी टॅनिनने भरलेले असते. ते आटवले की काळसर, चकचकीत कच तयार होतो. चामडे कमावायला, कापड तपकिरी रंगवायला आणि मासेमारीची सुती जाळी व शिडे कुजू नयेत म्हणून त्याचा वापर होत आला.