तळटीप : ‘ब्लॅकफिश’ आणि दिल्लीचे परिपत्रक

बंदिस्त ऑर्का देवमाशांवरच्या ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटामुळे भारतात डॉल्फिनारियमवर (डॉल्फिनांचे खेळ दाखवणाऱ्या जलक्रीडागृहांवर) बंदी आली, हे लेखकाचे विधान तारखांपुढे टिकत नाही. दिल्लीतल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना डॉल्फिनारियमला परवानगी देऊ नका म्हणून बजावले ते १७ मे २०१३च्या परिपत्रकाने. माहितीपट अमेरिकी चित्रपटगृहांत लागला जुलैत. जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला होता खरा, पण इथल्या प्राणिमित्र संघटनांनी त्याची वाट पाहिली नव्हती. माहितीपटावरच्या एकांगीपणाच्या आक्षेपाविषयी : त्यात टीकेचे लक्ष्य झालेल्या सीवर्ल्ड या अमेरिकी सागरी उद्यान कंपनीने दिग्दर्शिका गॅब्रिएला काउपर्थवेट यांना मुलाखत नाकारली आणि मग आपली बाजूच आली नाही अशी ओरड केली. मात्र जखमी सागरी प्राण्यांची सुटका-शुश्रूषा हे कंपनीचे काम चित्रपटात जवळजवळ गायब आहे, ही तक्रार रास्त वाटते.

— संपा.