बंब, मोळी आणि देवराई

इंद्रायणीकाठच्या आंबीपासून लोणावळ्यापर्यंत, मावळात घर उबदार ठेवायची वेगळी सोय कधी नव्हती. थंडीत अंगणात शेकोटी, पावसाळ्यात चुलीपुढची जागा आणि पहाटे अंघोळीला कढत पाणी, एवढ्यावर भागायचं. पाण्यासाठी तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, त्यामुळे धग फारशी वाया जात नाही. चांगलं लाकूड चुलीला राखून बंबात ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे घालायचे.

ही काटकसर निव्वळ गरिबीची नव्हती. मावळात गावोगाव देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं होती आणि तिथली वाळकी काटकीसुद्धा अनेक ठिकाणी कुणी उचलत नसे. जळण आणायचं ते बाकीच्या रानातून.

मग रानाचा मालक बदलला. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, देशभर स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढली. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क सरकारी सवलत बनला आणि मोळी आणणारी बाई गुन्हेगार ठरू लागली. जे रान आपलं राहिलं नाही, ते जपायचं कुणासाठी?

पुढचा घाव कोळशाचा. 1970 च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, तेव्हा हा घाव समोर आला. मावळाच्या दक्षिणेला, पानशेत धरणाच्या परिसरात रस्ता झाल्यावर पुण्याच्या बाजारासाठी कोळसा पाडला जात होता आणि त्यात देवरायाही जात होत्या. शहरातल्या शेगड्यांची ऊब डोंगरातल्या देवाच्या रानातून येत होती. ही गोष्ट पुणेकरांनी विसरू नये.

लाकडाला पर्याय शोधणारेही होते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 मध्येच मैल्यापासून गॅस तयार करण्यात आला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि गोबरगॅसचा प्रचार केला. त्यांच्यापुढे तंत्रापेक्षा मोठी अडचण होती ती सोवळ्या-ओवळ्याची. संडासाच्या गॅसवर शिजलेलं अन्न लोकांच्या घशाखाली उतरत नसे. 1980 च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून गावोगाव गोबरगॅस आला. पण 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. थंडीत जिवाणू मंदावतात आणि नेमकी ऊब हवी असते तेव्हाच गॅस कमी पडतो.

2016 च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघर नेला. तळेगाव एमआयडीसीच्या आसपास गच्च्यांवर सौर बंबही दिसू लागले. तरी लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. महागडा सिलिंडर स्वयंपाकाला पुरवायचा, तर अंघोळीच्या पाण्याला पुन्हा काटक्याच. अशा घराला पर्यावरणाची जाण नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. हिशेब त्याला नेमका कळतो.

धुराचा त्रास मात्र खरा आहे आणि तो बायकांच्या डोळ्यांत नि छातीत जातो. म्हणून मावळासाठी इंधनाची योजना आखणाऱ्यांनी आधी जुलैतल्या अंघोळीच्या पाण्याची सोय पाहावी, आणि गावाला त्याचं रान राखायचा अधिकार द्यावा.