इंग्रजीचा पेपर: अवघड कोणाला, सोपा कोणाला?

आजचा एपिसोड एका कबुलीपासून सुरू करतो. दहावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मला २० पैकी १८ मार्क मिळाले होते. बोललो काय होतो? ‘माझं गाव’वर पाठ केलेली दहा वाक्यं. सातवं विसरलो, ते सरांनीच पूर्ण केलं. पुढे अकरावीत मॅडमनी उभं केलं आणि साधा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारचा इंग्रजी माध्यमातला मुलगा मात्र धडाधड बोलून बसलासुद्धा. मग माझे ते १८ मार्क नेमके कशाचे होते?

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. चला, मागे जाऊ.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली आणि पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये. शंभराहून जास्त मुलं बसली, पास झाली जेमतेम वीस-बावीस. त्यांत एक होते महादेव गोविंद रानडे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा जन्म, शिक्षण आधी कोल्हापुरात, मग मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. पुढे कित्येक दशकं मॅट्रिक म्हणजे इंग्रजीची चाळणी. मुलाला इतिहास येत असेल, गणित येत असेल, पण ते इंग्रजीत मांडता आलं नाही तर सगळं पाण्यात. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण इंग्रजी शाळा होत्या किती, आणि तिथे पोहोचत होतं कोण? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि गावच्या प्राथमिक शाळेकडे कोणी बघत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे पेपर एकच, पण सुरुवातीची रेषा वेगवेगळी.

स्वातंत्र्यानंतर ही रेषाच हलवली गेली. जुन्या मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. हेतू चांगला होता: पोरांनी आधी आपल्या भाषेत शिकावं. पण ज्यांच्या घरी इंग्रजी होतं किंवा ज्यांना इंग्रजी शाळा परवडत होती, त्यांचं काही अडलं नाही. पुढे महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून आलं, आणि २००० साली थेट पहिलीपासून. आमच्या पिढीने ए फॉर ॲपल पहिलीतच गिरवलं ते त्यामुळे.

आता परीक्षेकडे या. राज्य मंडळाने दहावीत एक शहाणपणाची गोष्ट केली आहे: इंग्रजीचे दोन वेगळे पेपर. इंग्रजी माध्यमवाल्यांना ती प्रथम भाषा, पुस्तक कुमारभारती. मराठी माध्यमवाल्यांना तृतीय भाषा, पेपर सोपा, पुस्तकही वेगळं. माझ्या मते हा न्यायच आहे. सातारच्या खेड्यातल्या मुलीला आणि दादरच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलीला एकच उतारा देऊन ‘बघू कोण जिंकतं’ म्हणणं ही काही परीक्षा नव्हे.

पण गोम पुढे आहे. बारावीला हीच दोन मुलं इंग्रजीच्या एकाच सक्तीच्या पेपरला बसतात. दहावीत मान्य केलेला फरक दोन वर्षांत भरून निघाला, असं गृहीत धरलं जातं. तो भरून काढायला मधे कोणी काही केलं का? माझ्या वर्गात तरी नाही.

तोंडी परीक्षेचा किस्सा तर अजून भारी. शाळा हे २० मार्क सढळ हाताने वाटतात, म्हणून २०१९ च्या दहावीला भाषांचे अंतर्गत मार्क बंद करून पूर्ण १०० चा लेखी पेपर घेतला. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. आरडाओरड झाली, कारण सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांकडे अंतर्गत मार्क होतेच आणि अकरावीच्या यादीत तीच वर जाणार होती. पुढच्याच वर्षी २० मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के, अर्थात त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, तेही लक्षात ठेवा.

एका वर्षात पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार? नाही हो. मोजपट्टी बदलली. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्ट लिहितो. टेस्ट सोपी केली की सगळं हिरवं दिसतं, पण बग तिथेच असतो. माझे १८ मार्क तसेच हिरवे होते. बग सापडला अकरावीत, नंतर इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात, आणि मग पहिल्या इंटरव्ह्यूत.

म्हणून मला वाटतं, पेपर अवघड की सोपा, यावर भांडून फारसं हाती लागत नाही. सरांनी माझं सातवं वाक्य पूर्ण केलं ती दया होती, आणि मी आजही त्यांच्यावर चिडलेलो नाही. पण वर्षभर आठवड्यातून एकदा तरी त्यांनी मला चुकत-माकत बोलू दिलं असतं, तर तो न्याय झाला असता. चाळणी बारीक ठेवा नाहीतर मोठी, आधी धान्य तर नीट पिकू द्या.

तुमच्या तोंडी परीक्षेत काय झालं होतं? व्हॉइस नोट पाठवा, मराठीतच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!