राफाएल, स्नॅप की डी-थ्री?

गोदेला पूर किती आला, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. तोच आलेख प्रबंधासाठी ब्राउझरमध्ये काढायचाय? मग लायब्ररी निवडण्याआधी तिचा जन्म कशासाठी झाला ते बघा. एसव्हीजी 2001 साली प्रमाण ठरलं, पण इंटरनेट एक्सप्लोररला ते थेट 2011 मध्ये, नवव्या आवृत्तीत कळलं; तोवर त्याचं आपलं व्हीएमएल. दिमित्री बारानोव्स्कीची राफाएल दोन्हींत चित्र काढायची, म्हणून गाजली. पुढे त्यानेच 2013 मध्ये जुने ब्राउझर सोडून स्नॅप लिहिली! त्यामुळे जुन्या कोडमध्ये राफाएल दिसली म्हणून उचलू नका. मी डी-थ्री घेतली. शिकायला किचकट आहे (माझे दोन आठवडे गेले), पण पाणीपातळीचे आकडे थेट आकृतीला जोडता येतात. तुमचं चित्र आकड्यांतून येत नसेल, तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका.