वाशीच्या यात्रागाड्या

एसटी रुळण्यापूर्वी धाराशिव जिल्ह्यातील वाशी परिसरातील शेतकरी कुटुंबे येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला बैलगाडीने जात. निघण्यापूर्वी खरी कसोटी चाकांची असे. उन्हाने बाभळीचे लाकूड आकसते आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होते. म्हणून चाक पाण्यात भिजवीत. तेवढ्याने न भागल्यास लोहार धाव तापवून पुन्हा चढवी. आखाला वंगण देऊन खीळ तपासत. ती निसटली की चाकच निखळे. मुक्कामी गाड्या एकमेकींजवळ सोडून बैल चाकांना बांधत आणि आळीपाळीने जागत. चोराइतकीच धास्ती उघड्या चुलीची, कारण गाडीत कडबा असे. यात्रा आटोपल्यावर पावसाळ्यात गाडी छपराखाली ठेवत. पुढे रबरी टायर आले, धावेची कटकट संपली; लोहाराचे एक कामही गेले.