मेमोरियल कप : स्मरण आणि पात्रता

आजचा विषय थंड प्रदेशातला आहे. कॅनडात साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या आइस हॉकीला ज्युनिअर हॉकी म्हणतात. हिवाळाभर लीगचे सामने होतात, मग वरच्या संघांमध्ये बाद फेऱ्या, म्हणजे प्लेऑफ. आणि सगळ्याच्या शेवटी जो करंडक असतो, त्याचं नाव मेमोरियल कप. स्मृतिचषक. आता स्मृती कुणाची?

पहिल्या महायुद्धात कॅनडाची ६०,००० हून अधिक माणसं कामी आली. लोकसंख्या तेव्हा जेमतेम ८० लाख. किंग्स्टनचे कॅप्टन जेम्स सदरलँड हे हॉकीचे संघटक. त्यांच्याच तालमीत वाढलेला स्कॉटी डेव्हिडसन १९१४ मध्ये स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या टोरांटो संघाचा कप्तान होता. १९१५ साली तो आघाडीवर मारला गेला. अशा मुलांची आठवण राहावी ही कल्पना सदरलँड यांनी मांडली आणि १९१९ मध्ये ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनने करंडक दिला. लक्षात घ्या, स्मारक म्हणून त्यांनी मुलांचा खेळच निवडला. पुतळ्याला दरवर्षी हार घालतात. इथे दरवर्षी कुणीतरी खेळावं लागतं.

पहिल्या अंतिम लढतीत टोरांटोच्या एका शाळेच्या संघाने रेजायनाला दोन सामने मिळून २९-८ असं हरवलं. पुढे अनेक वर्षं पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता समोरासमोर येत. १९७२ पासून तीन मोठ्या लीगचे विजेते एका ठिकाणी जमून खेळू लागले. आणि १९८३ मध्ये चौथा संघ आला, यजमान. का? तर घरचा संघ असला की खुर्च्या भरतात. साधा व्यवहार आहे.

पण झालं काय बघा. त्या वर्षी यजमान होतं अमेरिकेतलं पोर्टलंड. आपल्या लीगच्या अंतिम फेरीत ते लेथब्रिजकडून हरले होते. तरी यजमान म्हणून आत आले आणि कप जिंकले! आता हा न्याय का? नियम सर्वांना आधीच ठाऊक होता, म्हणून विजय वैध आहे, यात शंका नाही. पण वैध असणं आणि कमावलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेथब्रिजच्या मुलांनी महिनाभर झुंजून जे सिद्ध केलं, ते चार-पाच सामन्यांत पुसलं गेलं.

आणखी एक उदाहरण. ३० डिसेंबर १९८६ ला स्विफ्ट करंट संघाची बस बर्फाळ रस्त्यावरून घसरली, चार खेळाडू गेले. १९८९ मध्ये याच संघाने यजमान सास्काटूनला जादा वेळेत ४-३ हरवून कप जिंकला. वाचलेल्यांपैकी काही जण त्या संघात होते. ही कथा सांगताना सगळ्यांचा गळा दाटतो. पण त्याच संघाच्या प्रशिक्षकाला १९९७ मध्ये खेळाडूंवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल तुरुंगवास झाला. ते सहन करणारी मुलंही याच इतिहासात आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तरुण मुलांच्या नावाने करंडक ठेवला, तर आज जिवंत असलेल्या मुलांची काळजी घेणं हाही त्या स्मरणाचाच भाग होतो. तो वगळला, तर उरतो तो नुसता चांदीचा पेला.